मेंढरांकडं तोंड करून बसणारं कुत्रं

नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी पुण्याला निघाले त्या सकाळी आण्णा माझ्याआधी एसटीत चढले आणि एकेका सीटखाली वाकून पाहून आले. काय शोधत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग कंडक्टरला त्यांनी विचारलं, "गाडी पुण्यालाच जाती न्हवं?" कंडक्टर म्हणाला, "पाटी वाचा की." आण्णांना वाचता येत होतं, पण पाटीवर त्यांचा भरवसा नव्हता. मागच्या सीटवरच्या दोन बायकांना त्यांनी वेगवेगळं विचारलं आणि दोघींचं उत्तर जुळल्यावरच माझी पेटी वर ठेवली. खाली उतरून खिडकीपाशी आले तेव्हा मला वाटलं, आता तरी वडील काही मायेचं बोलतील. ते म्हणाले, "तितं कुणी फुकट काय दिलं तर घिऊ नगंस. आधी त्यात खोट काय हाय ते बघ." आई म्हणाली, "पोरगी चाललीया, चांगलं बोला की जरा." आण्णा म्हणाले, "चांगलंच बोलतोय." गाडी येरमाळ्याच्या स्टँडवरून हलली तरी ते मागच्या चाकाकडं बघत उभे होते.

तुम्ही जे अजून आपल्या वस्तीवर आहात आणि जे माझ्यासारखे पुण्या-पिंपरीला येऊन पडलात, त्या सगळ्यांना आण्णा ठाऊक आहेत. मेंढरं राखणाऱ्या माणसाचा स्वभाव संशयी होणारच. झुडूप हललं तर वारा असेल म्हणून त्याला सोडून देता येत नाही, कारण येडशीकडच्या डोंगरात लांडगा आहे आणि तो वाऱ्याच्याच दिवशी येतो. आण्णा ढगावर संशय घेत, बाजारातल्या व्यापाऱ्यावर घेत, आणि हसून बोलणाऱ्या पाहुण्यावर तर हमखास घेत. ही सवय मी पेटीत न भरताही पुण्याला घेऊन आले. याला वीस वर्षं झाली. आता मी हॉस्पिटलात सिस्टर आहे, सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, भाजी मोबाइलवरून येते. पण पिशवी आली की मी अजून एकेक वांगं उलटून बघते आणि माझा नवरा संदीप कपाळाला हात लावतो.

मागच्या वर्षी आमच्या हॉस्पिटलातल्या एक डॉक्टर मॅडम परदेशी निघाल्या. त्यांच्याकडं दोन वर्षांची एक कुत्री होती, मिली. बॉर्डर कॉली नावाच्या जातीची, काळी-पांढरी, कपाळावर पांढरा पट्टा. ही जात मूळची परदेशातल्या मेंढपाळांची. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या माहेरी मेंढ्या आहेत ना? मग तुमच्याइतकं हिला कोण समजून घेणार? घेऊन जा, मला काही नको." झालं. फुकट! माझ्या कानात आण्णा बोलायला लागले. मी दोन दिवसांची मुदत मागितली. मिलीचे दात पाहिले, कानांत डोकावले, चालवून पाहिलं, लसींचं पुस्तक दोनदा वाचलं, आणि मॅडमच्या शेजारणीला लिफ्टपाशी गाठून खोदून खोदून विचारलं. खोट काही सापडली नाही. त्यामुळं तर माझा संशय आणखी वाढला. पण संदीप आणि आमची नऊ वर्षांची आर्या दोघं हट्टाला पेटले होते, म्हणून मिली घरी आली.

आठवड्यातच खोट सापडली. मिली बसतच नव्हती. सकाळी तासभर फिरवून आणलं तरी आल्या आल्या जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या सुरू. वॉशिंग मशीन लावलं की त्याच्यासमोर पोट जमिनीला टेकवून दबा धरायची आणि कपडे फिरायचे थांबेपर्यंत नजर हलवायची नाही. आम्ही तिघं तीन खोल्यांत असलो तर या खोलीतून त्या खोलीत जाऊन नाकानं पोटरीला ढोसत राहायची, आणि तिघं एका सोफ्यावर आलो की मगच आडवी व्हायची. संदीपला याचं भारी कौतुक. मला मात्र वाटायचं, ही आपल्याला गोळा करतेय ते नेमकं कशासाठी? तिला दमवायचं म्हणून संदीपनं भिंतीवर टॉर्चचा उजेड फिरवून खेळवायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत ती ताटावरून उडालेल्या प्रत्येक कवडशावर झेपावायला लागली, आणि पुढं पुढं तर कवडसा नसला तरी भिंतीकडं बघत बसायची. मी म्हटलं, "हिचं डोकं फिरलेलं आहे. म्हणून तर दिली फुकट."

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "डोकं शाबूत आहे हो. हिला नोकरी नाही, एवढंच." टॉर्च त्यांनी त्याच दिवशी बंद करायला लावला. उजेड पकडता येत नाही, त्यामुळं तिचं काम कधी संपतच नाही आणि तिला वेड लागायची पाळी येते. नुसतं पळवून उपयोग नाही, अंगातली रग त्यानं वाढते. डोक्याला काम द्या. जेवण वाटीत घालू नका, घरात ठिकठिकाणी लपवा आणि शोधू द्या. वस्तूंची नावं शिकवा. एका सतरंजीवर गप्प पडून राहायला शिकवा, कारण या जातीला विसावा घेणंसुद्धा शिकवावं लागतं. केस विंचरा, उन्हातल्या डांबरावर नेऊ नका. हे सगळं मी लिहून घेतलं आणि मग मनातली खरी शंका विचारली, "ती दबा धरून टक लावते, त्याचं काय?" डॉक्टर म्हणाले, "तेच तिचं काम. लांडगा आधी बघतो, मग दबा धरतो, मग मागं लागतो आणि शेवटी दात लावतो. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून या जातीत पहिल्या पायऱ्या ठेवल्या आणि शेवटची जवळजवळ पुसून टाकली. ही मेंढ्यांना नजरेनं हलवते. दात लावावे लागले तर तिचं काम फसलं म्हणायचं."

बाहेर येऊन मी स्कूटीवर बसले, पण किल्ली फिरवायचं सुचेना. मिली पायाशी उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती.

कारण आपल्या वस्तीवर कुत्र्याची परीक्षा एकच होती. आण्णा म्हणायचे, "कुत्र्याचं त्वांड बाहीर पायजे." आपल्याकडं मेंढरं माणूस हाकतो, कुत्रं फक्त राखण करतं. पिल्लू लहान असतानाच ते कोकरांत सोडायचं, म्हणजे ते त्यांच्यातलंच होतं. मोठं झालं की त्यानं मेंढरांना पाठ करून डोंगराकडं बघत बसायचं. जे कुत्रं आत, मेंढरांकडं तोंड करून बसेल, मान खाली घालून टक लावेल, ते आज ना उद्या कोकरू फाडणार, याबद्दल वस्तीत कुणाचंही दुमत नव्हतं. लांडगा आधी असाच बघतो, हे आपल्याला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

आमचा कुत्रा भुऱ्या तसा होता. मी तेव्हा बारा वर्षांची. एका सकाळी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या बाहेर एक कोकरू फाडलेलं सापडलं. आण्णांनी जेवताना विचारलं, "भुऱ्याला कोकरामागं पळताना कुणी बघितलंय का?" मी म्हटलं, "म्या बघितलंय." मी पाहिलं होतं ते एवढंच, की आदल्या दुपारी भुऱ्या कोकरांकडं टक लावून बसला होता. पळताना मी त्याला पाहिला नव्हता. पण माझं बोलणं ऐकून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आण्णांनी हातातली भाकरी खाली ठेवली, आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. त्याच दुपारी त्यांनी भुऱ्याला पोत्यात घालून एका टेम्पोत चढवलं आणि तेरखेड्याच्या पुढं सोडून आले. पंधरा दिवसांनी दुसरं कोकरू गेलं, अगदी तसंच फाडलेलं. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

हे इतकी वर्षं मी संदीपलासुद्धा सांगितलं नव्हतं. मिली सतरंजीवर पडून राहायला शिकली, कवडशांचा नाद हळूहळू सुटला, आर्या पलंगाखाली भाकरीचे तुकडे लपवू लागली आणि ती ते नाकानं हुडकून काढू लागली. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच एका रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत मी तिचा पट्टा सोडला. बाग रिकामी होती. पाच मिनिटांत मुलं आली आणि पळापळी खेळायला लागली. मी हाक मारायच्या आत मिलीनं लांबून एक गोल फेरी मारली आणि चार-पाच मुलांना घसरगुंडीच्या कोपऱ्यात आणून उभं केलं. एक छोटी मुलगी त्यातून निसटू पाहत होती, तिच्या टाचेला मिलीनं नाक लावलं. ती दचकली, पडली आणि तिचा गुडघा खरचटला. तिची आई धावत आली आणि ओरडली, "चावलं! कुत्रं चावलं!" तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मिलीचा दबा धरलेला फोटो फिरला. नजर बघा, असलं जनावर इमारतीत नको, असे शेरे येत राहिले. सेक्रेटरींनी दोन आठवड्यांनी मीटिंग लावली. मिलीनं राहायचं की जायचं, ते तिथं ठरणार होतं. ती चावली नाही हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण ग्रुपवर मी एक अक्षरही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याच मनात पाल चुकचुकत होती. आज नाक लावलं, उद्या काय?

संदीप म्हणाला, "तुझ्या गावी ठेवू या का? मेंढरांचंच कुत्रं आहे, मोकळ्या रानात सुखात राहील." मला ते पटकन पटलं. गाव सोडलेल्या आपल्या माणसांची ही एक खोडच आहे. शहरात जे मावत नाही ते गावाचं आहे, असं आपण परस्पर ठरवून टाकतो आणि गावाला विचारत नाही. मीटिंगच्या आदल्या शुक्रवारी आम्ही निघालो. आर्या बार्शीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

वस्तीवर गाडी थांबली आणि मिलीनं आयुष्यात पहिल्यांदा मेंढरं पाहिली. तिची मान खाली गेली, एक पाय हवेत राहिला आणि ती तशीच थिजली. आण्णांनी काठी पुढं केली. "वैशे, लांडगी आणलीस व्हय गं?" मी डॉक्टरांचं सगळं म्हणणं त्यांना सांगितलं, बघणं, दबा धरणं, पुसलेली पायरी. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेंढरं त्या डाक्टरची हायत का?" त्यांचं म्हातारं कुत्रं मिलीवर एकदा गुरगुरलं आणि पुन्हा डोंगराकडं तोंड करून बसलं. मिलीला लिंबाला बांधलं. संध्याकाळभर मिली मेंढरांकडं बघत होती, आण्णा मिलीकडं बघत होते आणि मी आण्णांकडं.

सकाळी आईला दया आली. भाकरी घालायला गेली आणि "बांधून का ठिवलंय बिचारीला" म्हणत तिनं गाठ सोडली. म्हाताऱ्या कुत्र्याच्या भुंकण्यानं आम्ही पळत बाहेर आलो. शेजारच्या शेताच्या काटेरी तारेच्या कोपऱ्यात सगळी मेंढरं एकमेकींवर चढल्यासारखी दाटली होती. दहा पावलांवर मिली पोट टेकून पडली होती, पुढं काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून थांबलेली. एका गाभण मेंढीच्या मांडीतून रक्त येत होतं. आण्णांनी काठी उगारली. "सांगितलं न्हवतं तुला?"

मी मध्ये गेले. "आण्णा, थांबा. आधी जखम बघू द्या मला."

कुत्रं चावलेली माणसं आमच्याकडं वॉर्डात येतात. दातांची जखम खोल भोकांची असते, कडा फाटलेल्या असतात. ही एकच सरळ चीर होती. मी मिलीचं तोंड उघडून दाखवलं, ना रक्त ना लोकर. आण्णांचा त्यावरही विश्वास बसेना, त्यांनी स्वतःचं बोट तिच्या हिरड्यांवरून फिरवलं. मिली मुकाट्यानं उभी राहिली. मग मी तारेच्या कडेनं चालत गेले. खालून दुसऱ्या तारेला लोकरीचा पुंजका अडकला होता आणि त्यावर ओलं रक्त होतं. आण्णांनी तो पुंजका काढून चोळून पाहिला, वास घेतला.

"चावली न्हाय," ते म्हणाले. मग पुंजका खाली टाकत म्हणाले, "पर केलं हिनंच."

"व्हय," मी म्हटलं. "केलं हिनंच."

दोन्ही खरं होतं. आपल्या मेंढरांना असल्या नजरेची सवय नाही. दबा धरलेलं जनावर म्हणजे त्यांच्यासाठी लांडगाच, मग ती जीव घेऊन तारेत घुसणार नाहीत तर काय करतील? आणि मिलीला तरी कुठं मेंढरं ठाऊक होती? तिनं आजवर गोळा केली ती आम्हा तिघांना. तिचं मूळचं रान समजून मी तिला जिथं आणलं होतं, तिथं तिचं कुणीच नव्हतं.

जखम धुवायला आण्णांनी मेंढी धरली. मी मिठाच्या कोमट पाण्यात कापड बुडवलं, आणि कसं कोण जाणे, एवढ्या वर्षांनी तोंडातून निघून गेलं, "आण्णा, म्या भुऱ्याला पळताना बघितलं नव्हतं."

त्यांनी मेंढीचे कान सोडले नाहीत. "ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवाच. बोलताना माझ्याकडं बघत नव्हतीस तू."

"मग सोडलं कशापायी त्याला?"

"मला बी संशय हुता. नुस्त्या संशयावर मुक्या जनावराला सोडायचं धाडस हुईना. तू बोललीस, म्हणलं बरं झालं." मग मेंढीकडंच बघत म्हणाले, "दुसरं कोकरू गेल्यावर दोन डाव तेरखेड्याला जाऊन आलो. लई हुडकलं. न्हाय घावला."

सव्वीस वर्षं मी समजत होते की मी आण्णांना फसवलं. मला रडू कोसळलं, आणि त्याच वेळी त्यांचा असा राग आला की हातातलं कापड मी पिळत राहिले. बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडच्या खोट्याआड लपले होते ते. कुणालाच न सोडणारा संशय तेव्हा माझ्या बोलण्यापुरता तेवढा त्यांनी गिळून टाकला, कारण त्यांना ते सोयीचं होतं. मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आई जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला आत गेली, आणि तो येऊन टाके घालेपर्यंत आम्ही दोघं ती मेंढी धरून बसलो.

दुपारी निघताना आण्णा म्हणाले, "घिऊन जा हिला. हितं ऱ्हायली तर माझ्या हातनं एक दिस काय तरी हुईल." इतकं खरं ते माझ्याशी त्याआधी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आर्या मागच्या सीटवर मिलीच्या केसांतले गोखरू काढत बसली होती.

रविवारी मीटिंगला मी उभी राहिले. मी म्हटलं, "मी तिथं होते. मिली चावली नाही, टाचेला नाक लावलं. पण तिनं मुलांना कोपऱ्यात घेरलं आणि त्यामुळं मुलगी पडली. पट्टा मी सोडला होता, तिनं तोडला नाही. आणि हे त्याच दिवशी लिहायला हवं होतं, मी गप्प बसले." कुणीतरी विचारलं, पुन्हा असं होणार नाही याची खात्री देता का? मी म्हटलं, "नाही देता येत. पट्टा सुटणार नाही, एवढं मात्र देते." बरीच वादावादी झाली. शेवटी मिली राहिली, अटींसकट. खाली कायम पट्टा, मुलांच्या वेळेला मिलीला बाग बंद. त्या छोट्या मुलीची आई मला एवढंच म्हणाली, "बघू." अजूनही आम्ही दिसलो की ती दुसऱ्या लिफ्टनं जाते. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

तुम्ही सगळे फोनवर विचारता, कायमची घरी कधी येणार. मी हसण्यावारी नेते, कारण घर म्हटलं की माझ्या मनात काय येतं ते सांगायला अवघड आहे. वस्तीवर मी न पाहिलेलं सांगितलं आणि सगळ्यांनी माझं ऐकलं. इथं जे पाहिलं तेवढंच सांगितलं, तर निम्म्या लोकांना ते अजून पटलेलं नाही. तरी त्या मीटिंगनंतर सातव्या मजल्यावर येऊन कुलपात किल्ली घातली, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, हे दार माझं आहे.